सांदवाडीतली पोरं

अड्याळ, ता. १७ जुलै १९७८

सौ. सुलोचना हिस,

अनेक आशीर्वाद. तू मोहाडीला जाऊन बसलीस त्याला आता पंधरवडा होत आला. इकडे रोवणी जोरात आहे, पण गावाला धानापेक्षा माझ्या घरची चिंता जास्त. जो तो विचारतो, बाई कुठे गेल्या? मी सांगतो, सासऱ्यांची तब्येत बरी नाही. तेव्हा बाबांना सांगून ठेव, अड्याळचं कोणी बाजारात भेटलंच तर थोडं खोकावं.

आपल्या दोन्ही पोरींची लग्नं झाली, त्या आपापल्या घरी नांदताहेत आणि त्यांची आई रुसून माहेरी गेली, हे काही चांगलं दिसत नाही. आणि झालं तरी काय एवढं? एक रांजण फुटला. कुंभार मेला नाही, दुसरा आणता येतो. आपल्या समाजाची मंडळी पवनीहून, तुमसरहून आली होती, तालुक्याचं अध्यक्षपद घेऊन दारात उभी होती. अशा वेळी घरधन्याला काही गोष्टी कराव्या लागतात. तू शिकलेली बाई, तुला हे समजायला हवं होतं.

तुझ्या बालवाडीची पोरं अजून येतात. मी मागचं फाटक बांधून टाकलं होतं, तर बांबूच्या कुंपणातून घुसली. मी हाकललं. दुसऱ्या दिवशी परत हजर. मायबाप रोवणीला गेलेले, घराला कुलूप, जातील कुठे बिचारी. पण ही काही माझी जबाबदारी नाही. मी धानाचा व्यापारी आहे, दाई नाही.

पोळ्याच्या आत ये.

भैय्याजी


अड्याळ, ता. ३० जुलै १९७८

सौ. सुलोचनास,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. तुला लिहायला वेळ नसेल, मला आहे, कारण दुकानात मन लागत नाही.

पोरांना मी आत घेतो आता. घेतो म्हणजे काय, हाकलून थकलो. समोरचं दार लावून घेतो आणि घरामागच्या सांदवाडीत जातो. टेकचंदने परवा विचारलंच, "भैय्याजी, तुमच्या घरामागं पोट्टे कायले कल्ला करून राहिले?" मी सांगितलं, पेरू चोरायला येतात. समाजाचा चिटणीस आहे तो, आणि राहतो भिंतीला भिंत लावून. त्याचे कान तुला माहीत आहेत.

पहिल्या दिवशी मी त्यांना ओसरीवर रांगेत बसवलं आणि म्हटलं, म्हणा अ, आ. त्यांनी म्हटलं. मग इ, ई. तेही म्हटलं. मग शकुबाईचा नातू उठला आणि म्हणाला, "बाबा, बाई असं नाई शिकवत. बाई बाहेर नेते." आणि सगळी उठून गेली. मी एकटाच ओसरीवर अं, अः करत राहिलो.

बाहेर गेल्यावर त्यांनीच मला खेळ शिकवला. डोळे मिटायचे, एक पोर पान चुरगळून नाकाशी धरते, ओळखायचं. मी साऱ्याला पळस म्हटलं. सीताफळाचं पान पळस, लिंबाचं पान पळस. पोरं लोळून हसली. चाळीस वर्षं या वाडीत वावरलो, पण नाक कधी वापरलं नव्हतं. तू ही वाडी शाळेसाठी मागितलीस तेव्हा मी म्हणालो होतो, पोरं काय बकऱ्या आहेत, वाडीत चारायला? आता ते आठवलं की बरं वाटत नाही.

तू खोदलेली छोटी बोडी तळ्यासारखी भरली आहे. पाणी घोट्याला लागतं. तिच्या काठाच्या पाळीवर पोरांनी पुन्हा माती थापली, सांडव्याला दगड लावला आणि खालच्या धानाच्या बांधीत पाणी सोडलं. बेडकांची पिल्लं झाली आहेत. पऱ्ह्यांची रोपं हिरवीगार आहेत, पण ही पोरं रोज उपटून मुळं पाहतात आणि परत खोचतात. त्यांना थांबवायचं कसं, की थांबवायचंच नसतं? तेवढं तरी कळव.

भैय्याजी


अड्याळ, ता. १२ ऑगस्ट १९७८

सुलोचना,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या पत्रांवर एक ओळ: "मुलं सगळी येतात का?"

येतात की. चांगली येतात. आता मी त्यांना दुपारी चणे पण देतो. शकुबाईचा नातू येतो, कोष्ट्याची जुळी येतात, सोनाराची नकटी येते.

एवढं लिहून मी उठलो, दुकानात जाऊन आलो. तुला असं उत्तर देण्यात अर्थ नाही. तुला काय विचारायचं आहे ते मला कळलं आहे. नाही, सगळी येत नाहीत. बौद्धपुऱ्यातलं एकही पोर त्या दिवसापासून आलं नाही. सुखराम आपल्या दुकानात पोती उचलायला येत होता, तोही आला नाही. त्याची यशोधरा तर नाहीच नाही.

त्या दिवशी तू चुलीपाशी होतीस. काय झालं ते तू अर्धंच पाहिलंस, तर उरलेलं मी सांगतो. पंगत उठली होती. मंडळी हात धुवायला मागे आली. तुमसरचे म्हातारे लक्ष्मणराव रांजणापाशी थांबले. यशोधरा गिलास बुडवून पाणी घेत होती. त्यांनी मला विचारलं, "भैय्याजी, ह्या रांजनाचं पानी कोन कोन पेते?" आवाज चढवला नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसतं विचारलं. मी म्हणू शकत होतो, सगळी पोरं पितात. मी म्हणू शकत होतो, ही माझ्या बायकोची शाळा आहे, तिला विचारा. टेकचंद माझ्याकडे पाहत होता, पवनीवाले पाहत होते. मी हसलो. उखळातलं मुसळ उचललं आणि रांजणावर मारलं. हसत हसत मारलं, सुलोचना. जसा काही आधीपासूनच फोडायचा ठरला असावा.

पाणी सगळं त्या पोरीच्या फ्रॉकवर गेलं. तू धावत बाहेर आलीस तर ती तुला म्हणाली, "बाई, म्या नाई फोडलं."

मंडळी गेली, मी वाडीत गोमूत्र शिंपडलं, तू पिशवी भरलीस. त्या वेळी मला तुझाच राग आला. आता मला रात्रंदिवस त्या पोरीचं वाक्य ऐकू येतं. अध्यक्षपद मिळालं, हारही घातला. हार खुंटीला टांगला तर पोरांनी त्यातली झेंडूची फुलं बोडीत सोडली. 

मला लाज वाटते. हे तुला सांगायलाही लाज वाटते, कारण तुला वाटेल, ये म्हणून लिहितो आहे.

भैय्याजी


अड्याळ, ता. २१ ऑगस्ट १९७८

सौ. सुलोचनास,

एक चांगली बातमी. मी काल बौद्धपुऱ्यात सुखरामच्या घरी जाऊन आलो. स्वतः गेलो, माणूस पाठवला नाही. त्याच्या बायकोनं, जनाबाईंनी, बसायला बाज टाकली, पाणी दिलं. मी प्यालो. झालं गेलं विसरून जा, पोरीला पाठवत जा, असं सांगितलं. बाई समंजस आहे. आता काही किंतु राहिला नाही.

नवा रांजणही आणला आहे, मोठा आहे. पोळा झाला की सगळी पोरं येतील. तूही ये. बोडीतल्या बेडकांना पाय फुटले आहेत, शेपट्या गळायच्या आत आलीस तर पाहायला मिळतील.

भैय्याजी


अड्याळ, ता. ४ सप्टेंबर १९७८

सुलोचना,

अड्याळहून अड्याळला पत्र टाकतो आहे. ईश्वर पोस्टमन हसला, म्हणाला, "काका, गावाच्या बोडीवर तं शकुबाईचं घर हाय. मी असाच नेऊन देतो, तिकीट कायले खर्च करता?" मी म्हटलं, रीतीने जाऊ दे. समोर येऊन बोलायचं तोंड मला नाही.

तू माझं पत्र खरं मानलंस. एसटीतून उतरलीस ती आपल्या दारावरून पुढे गेलीस. मी दुकानातून पाहिलं, तुझ्या हातात मुरमुऱ्याच्या लाडवांची पुडी होती, तू हसत होतीस. मला वाटलं, आधी पोरांना भेटून मग घरी येशील. तू बौद्धपुऱ्याकडे चाललीस हे लक्षात आलं तेव्हा मी काट्यावर धान तसंच सोडून उठलो, पण रस्त्यापर्यंत येऊन परत फिरलो. तुला अडवून काय सांगणार होतो?

मग तिथून परतताना तू दारात आलीस. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिलीस. "तुमी पानी प्यालो म्हनून लिवलं होतं," म्हणालीस. बस, तेवढंच. तू चिडून ओरडली असतीस तर मी पण ओरडलो असतो, आणि मग कदाचित आपलं नेहमीसारखं झालं असतं.

जनाबाईंनी तुला काय सांगितलं असेल ते असेल. माझ्याकडून असं घडलं. त्यांनी बाज टाकली हे खरं. मी म्हटलं, पोरीला पाठवा. त्या म्हणाल्या, "धाडू. पन तिले तहान लागन तं ती कोनाच्या घरचं पेईन?"

मी म्हटलं, "आमच्याच वाडीतलं. नवा रांजन आनला."

"मंग आदी तुमी आमच्या घरचं प्या," त्या म्हणाल्या आणि गिलास भरून हातात दिला.

मी प्यायलाच निघालो होतो, हे देवाशपथ खरं. गिलास ओठापर्यंत आला होता. तेवढ्यात रस्त्यावरून टेकचंद सायकलवर आला, पाय टेकून उभा राहिला. "काय भैय्याजी, इकडं कायले?" आणि माझ्या तोंडून निघालं, "सुखरामले बोलवाले आलो. पोते उचलाले मानूस नाई." गिलास मी बाजेखाली ठेवून दिला. लपवला म्हण.

टेकचंद गेल्यावर मी तो परत उचलायला वाकलो. जनाबाईंनी आधीच उचलला होता. त्यांनी पाणी पपईच्या बुडाशी ओतलं. "पेऊ नोका, भैय्याजी," म्हणाल्या. "आमचं काई अडलं नाई. पन आता आमच्या पोरीले बोलवाले येऊ नोका." सुखराम आत होता, तो बाहेर आलाच नाही. यशोधरा दाराआडून पाहत होती.

घरी येऊन मी तुला लिहिलं, मी प्यालो. का लिहिलं? एकदा वाटलं, लिहिलं म्हणजे अर्धं झालंच, उरलेलं उद्या जाऊन करू. रोज उद्या म्हणत राहिलो, तोवर तू आलीस. रांजण फोडला तेव्हा समाज समोर होता, असं तरी म्हणायची सोय होती. हे खोटं मी एकटा बसून, दार लावून लिहिलं. तिथे मला पाहायला कोणीही नव्हतं.

आता तू शकुबाईच्या ओसरीवर राहतेस आणि बोडीच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली शाळा भरवतेस. सगळी पोरं तिकडे गेली. शकुबाईचा नातू जाताना मला सांगून गेला, "बाबा, बाई आली. आता आमी जातो." मी म्हटलं, जा. त्याच्या हातात ओंजळभर पऱ्हे होते, इथल्या बांधीतले उपटून नेले. नेऊ दिले.

काल तान्हा पोळा झाला. दरवर्षी पोरं लाकडी बैल घेऊन आपल्या दारी येतात म्हणून मी गूळखोबऱ्याचं ताट करून ठेवलं होतं. वाट पाहत बसलो. सगळे बैल पाळीवर गेले, तुझ्याकडे. ताशाचा आवाज इथवर येत होता. संध्याकाळी टेकचंद आला आणि ते ताट त्यानेच संपवलं. खाता खाता म्हणाला, "वहिनीनं तं आपलं नाकच कापलं. समाज काय म्हनन?" मी म्हटलं, नाक माझं मीच कापून घेतलं आहे, तू खोबरं खा. तो उठून गेला. काहीतरी बोललो याचं बरं वाटलं, पण मग लक्षात आलं, हे बोलायलाही मी दार लावून घेतलं होतं.

उत्तर देऊ नकोस. देण्यासारखं मी काही विचारलेलं नाही.

भैय्याजी


अड्याळ, ता. २६ सप्टेंबर १९७८

सुलोचना,

आज जे झालं ते तुझ्यासमोरच झालं, मग हे पत्र कशाला असं तुला वाटेल. तिथे मला बोलता आलं नाही म्हणून लिहितो.

सकाळी निघालो तेव्हा दुकान उघडं टाकून निघालो, भर बाजाराच्या दिवशी. कोणी विचारलं तर काय सांगायचं याचा विचार चौकापर्यंत केला. मग सोडून दिला, कारण जे जे सुचत होतं ते सगळं खोटं होतं.

पाळीवर आलो तर तू पोरांना घेऊन पाण्याच्या कडेला बसली होतीस. मला वाटत होतं, तू तोंड फिरवशील किंवा रडशील तरी. तू वर पाहिलंस आणि गड्याला सांगावं तसं सांगितलंस, "पोरांच्या बांधीची धुरी खचली. माती टाका." बरं केलंस. दुसरं काही म्हणाली असतीस तर मी तिथे उभा राहू शकलो नसतो.

धोतर खोचलं आणि खचलेल्या बांधावर माती ओढायला लागलो. तुझी ही वाडी आपल्या सांदवाडीपेक्षा चांगली आहे, हे मला कबूल करावंच लागतं. तिथे बोडी खोदावी लागली, इथे खरी आहे. मोहाच्या मुळ्यांवर पोरं घोड्यासारखी बसतात. बगळा पाण्यात उभा असतो तेव्हा सगळी आपोआप गप्प होतात, कोणाला दटावावं लागत नाही. सोनाराची नकटी आणि यशोधराची धाकटी बहीण एका टोपलीत शिंपले गोळा करत होत्या. हे सगळं माझ्या घरामागे होतं, आणि मी समाजाच्या हारासाठी ते मोडलं.

टेकचंद येणार हे ठरलेलंच होतं. तो आलाही. पाळीवर सायकल उभी करून म्हणाला, "काय भैय्याजी, इकडं कायले?"

मी म्हटलं, "बायकोच्या शाळेत माती टाकाले आलो."

त्याने पुन्हा विचारलं, जणू ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा आवाज जरा मोठा निघाला. तो सायकल वळवून गेला. उद्या बैठक बोलावतील, अध्यक्षपद काढून घेतील. त्यांना काढू दे, मी थांबवायला जाणार नाही. मला त्या क्षणी एवढं हलकं वाटलं की मी मूर्खासारखा समजलो, झालं, फिटलं सगळं. आता पाणी प्यायचं आणि सुलोचनाला घरी चल म्हणायचं.

जनाबाईंचा रांजण झाडाखाली होता. त्या धानाचं खुरपण आटोपून आल्या होत्या, तुझ्याशी बोलत होत्या. त्यांनी मला पाणी विचारलं नाही, आणि तेही बरोबरच होतं. मीच रांजणाकडे गेलो. यशोधरा तिथे चिंचोके मांडत बसली होती. मी म्हटलं, "बेटा, पानी देतं काय मले?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ओळखलं नसेल, अंगभर चिखल होता. ती म्हणाली, "तुमी तेच ना, रांजन फोडनारे?"

जनाबाई बोलायच्या थांबल्या. तू माझ्याकडे पाहत होतीस. पोरंही पाहत होती. लक्ष्मणरावांनी विचारलं होतं तेव्हा होते तेवढेच डोळे माझ्यावर असतील.

मी म्हटलं, "हो. मीच तो."

ती रागावली नाही. पाच वर्षांच्या पोरीला राग कुठला. तिने फक्त चिंचोके फ्रॉकच्या ओच्यात भरले, उठली, आणि रांजणाला पाठ लावून माझ्या समोर बसली. "आमचा नोका फोडू," म्हणाली. एक हात मागे नेऊन तिने रांजण धरून ठेवला होता.

मी पाणी न पिता माती टाकायला परत गेलो. दुपारभर काम केलं. जनाबाईंनी तिला दोनदा हाक मारली, तूही मारलीस. पोरं पाण्यात उतरली, बगळा उडाला, सगळी ओरडत धावली. ती नाही उठली. मी घमेलं घेऊन जिकडे जाईन तिकडे तिची मान फिरत होती. तिला खेळायला जायचं होतं, हे दिसत होतं मला. मी पाळीवरून उतरून चौकाकडे वळलो आणि मागे पाहिलं, तेव्हा ती रांजण सोडून पाण्याकडे पळाली.

तुझ्या शाळेत एक पोर माझ्यामुळे आज खेळली नाही.

उद्या मी येईन. तू म्हणशील ते काम करीन, आणि लवकर निघून जाईन म्हणजे तिला खेळायला वेळ मिळेल. परवाही तसंच. मी समोर असताना ती पोर रांजण सोडून खेळायला जाईल, त्या दिवशी मी तुला घरी चल म्हणेन. तोवर नाही म्हणणार.

भैय्याजी